ले ऑफ

'ले' या क्रियापदाला 'ऑफ' जोडून झालेले इंग्रजी फ्रेझल व्हर्ब. माणसाचा दोष नसताना, काम किंवा पैसा कमी पडला म्हणून त्याला कामावरून कमी करणे, हा मुख्य अर्थ. दोष ठेवून काढले तर ते 'फायर'. फरक निव्वळ शब्दांचा नाही. वॉशिंग्टन राज्यात ले-ऑफ झालेला माणूस बेकारभत्ता मागू शकतो. गैरवर्तनावरून काढलेल्याला तो सहसा नाकारला जातो.

याच राज्यातल्या बेलव्ह्यूत हा शब्द मराठी घरांत मुक्कामालाच आहे. मायक्रोसॉफ्ट १९७९ ते १९८६ या गावी होती, मग शेजारच्या रेडमंडला गेली. टी-मोबाइलचे अमेरिकेतले मुख्यालय इथेच आहे. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने १०,००० जणांची कपात जाहीर केली, ऑगस्टमध्ये टी-मोबाइलने सुमारे ५,००० जणांची. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला अशा वेळी पगारापेक्षा कॅलेंडर जास्त छळते. २०१७ पासूनच्या नियमानुसार नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी कंपनी, दुसरा व्हिसा, नाहीतर परतीचे तिकीट. मोठ्या कंपनीने सामूहिक कपातीआधी ६० दिवसांची सूचना द्यावी, हा १९८८ चा कायदा वेगळा. या दोन साठांची गल्लत महागात पडते. व्हिसाचे दिवस सहसा ज्या तारखेपर्यंतचा पगार मिळाला, तिच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत मात्र ले-ऑफ जुनाच, आणि निराळा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्याचा अर्थ होता कोळसा, वीज, कच्चा माल नाही किंवा यंत्र बिघडले म्हणून काम तात्पुरते न देणे. नाव मस्टरवर राही. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात, वर्षभर सलग नोकरी झालेल्याला मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळे. बदली कामगाराला ती नव्हती. कायमचे कमी करणे ती 'छाटणी'. वडिलांचा ले-ऑफ कच्चा माल आला की संपे. बेलव्ह्यूतल्या मुलाचा संपत नाही.

कर्म सर्वनाम असेल, तर ते कुठे बसते यावर अर्थ पालटतो. 'ले हिम ऑफ' म्हणजे त्याला कामावरून कमी करा. 'ले ऑफ हिम' म्हणजे त्याचा पिच्छा सोडा. पुढे खाद्यपदार्थ आला, तर तो खाणे बंद करा.

मराठीत हा शब्द सरळ नाम म्हणून येतो: 'माझा ले-ऑफ झाला', 'तो ले-ऑफमध्ये गेला'. 'नारळ दिला' हा देशी पर्याय आहे, पण तो बहुधा तिऱ्हाइताबद्दल वापरतात, आणि तोही जरा कुचेष्टेने.