गळतीचा हिशेब

महाराष्ट्रातल्या स्वच्छ विजेची कहाणी सांगणारे बहुधा सातारच्या पठारावरच्या पवनचक्क्यांपासून सुरुवात करतात. मी पडलो हिशेबनीस. इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांच्या वह्या लिहिण्यात हयात गेली. त्यामुळे माझ्या लेखी ही कहाणी सुरू होते ती राज्य वीज मंडळाची खतावणी पहिल्यांदा चारचौघांत उघडली गेली तिथून, म्हणजे २००० सालापासून.

त्याआधी दर मुंबईत ठरायचे आणि आम्ही भरायचो. फार झाले तर मोर्चा निघे, शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटे, युनिटमागे काही पैशांची सवलत पदरात पडे. पण दर अमुकच का, हे विचारायचे कुठे? ती जागा १९९८ च्या केंद्रीय कायद्याने मिळाली. ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. दरवाढ हवी असेल तर मंडळाने याचिका करायची, जाहीर नोटीस द्यायची, लोकांनी हरकती नोंदवायच्या आणि मग जनसुनावणी, असा रिवाज पडला.

या जागेवर काय बोलायचे, याची तयारी मात्र काही लोकांनी आधीच केली होती. १९९४ मध्ये पुण्यात ‘प्रयास’ ही संस्था सुरू झाली. तिच्या ऊर्जा गटातले गिरीश संत आयआयटीत शिकलेले अभियंते. त्यांनी आणि शंतनू दीक्षित यांनी महाराष्ट्रासाठी किमान खर्चाचा वीज आराखडा मांडला होता. विचार साधा होता. नवे वीजकेंद्र बांधण्याआधी विचारा, की तेवढीच वीज कुठे वाचवता येईल, कुठली गळती थांबवता येईल, साखर कारखान्यांच्या बगॅसपासून किती मिळेल? ज्याचा खर्च सगळ्यांत कमी, ते आधी करा. शेजारच्या कर्नाटकात प्रा. अमूल्य रेड्डी यांनी याच दिशेने आकडेमोड करून दाखवली होती.

सरकार त्या वेळी एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या नादात होते. तिच्या दाभोळ वीजप्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याचा वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. क्षमता ६९५ मेगावॅट. वीज घ्या वा नका घेऊ, स्थिर आकार भरायचाच, आणि बरेचसे देणे डॉलरशी बांधलेले. प्रयासने त्या कराराचे गणित उलगडून लोकांपुढे ठेवले. मोर्चेवाले कोकणात लाठ्या खात होते. पुण्यातली ही मंडळी करारातली सूत्रे सोडवत बसली होती. दोन्हीची गरज होती. मे २००१ मध्ये मंडळाने दाभोळची वीज घेणे थांबवले, तेव्हा या गणिताचा पडताळा आलाच.

पण माझ्यासारख्याला जास्त मोलाची वाटते ती गळतीची गोष्ट. मंडळ वर्षानुवर्षे सांगायचे, की वहन आणि वितरणातली गळती २० टक्क्यांच्या आत आहे. मग उरलेली वीज जाते कुठे? शेतीपंपांना. लाखो पंपांना मीटर नव्हते, बिल अश्वशक्तीवर. पंपाने किती वीज ओढली हा अंदाज, आणि अंदाज कितीही फुगवता येतो. आमच्या धंद्यात याला नाव आहे: सस्पेन्स खाते. जमेना ते तिथे टाकायचे. पहिल्या सुनावण्यांत ग्राहक प्रतिनिधींनी याच खात्यावर बोट ठेवले. पंपांची संख्या, अश्वशक्ती, वर्षाचे तास यांचा मेळ लावायला भाग पाडले, तेव्हा खरी गळती ३० टक्क्यांच्या वर निघाली. शेतकऱ्याच्या नावावर खपवलेली बरीचशी वीज त्याच्या शेतात कधी पोचलीच नव्हती. चोरीची आणि नादुरुस्त तारांची बेरीज त्याच्या उताऱ्यावर चढली होती.

मागवाल्यांच्या वतीने मीही याचिका वाचू लागलो. जाडजूड बाड, तक्त्यामागून तक्ते. रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचे, कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये आयोगाचे कार्यालय, तिथे हरकतीचा कागद हातात धरून नंबर यायची वाट बघायची. शेजारी नागपूरचा कारखानदार, पलीकडे मुंबई ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते. एकाला क्रॉस सबसिडी, म्हणजे एका ग्राहकाच्या दरातून दुसऱ्याला सवलत, नको, दुसऱ्याला ती हवी. पण तक्ता सगळ्यांचा एकच, त्यामुळे भांडणसुद्धा आकड्यांवर व्हायचे. प्रयास आणि ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांना आयोगाने ग्राहक प्रतिनिधी म्हणून मान्यताच दिली होती. पुढे २००३ च्या विद्युत कायद्यात, कलम ९४ मध्ये, अशी नेमणूक करण्याची तरतूद आली.

पवनचक्क्या सुनावण्यांच्या याच दारातून आत आल्या, असे माझे म्हणणे आहे. वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर त्या आधीच उभ्या होत्या, पण गुंतवणूकदाराची नजर वाऱ्यापेक्षा घसाऱ्याच्या सवलतीवर जास्त असे. पहिल्याच वर्षी मोठा घसारा दाखवून आयकर वाचवायचा; पाती किती फिरली, हा प्रश्न दुय्यम. नोव्हेंबर २००३ च्या आदेशाने आयोगाने पवनविजेला युनिटला ३ रुपये ५० पैसे दर आणि १३ वर्षे दरसाल १५ पैशांची वाढ ठरवून दिली. ऑगस्ट २००६ मध्ये वीज विकणाऱ्यांवर अपारंपरिक विजेचे बंधन आले: २००६-०७ मध्ये ३ टक्के, मग दरवर्षी एकेक वाढवत २००९-१० मध्ये ६ टक्के. आता वारा कुणाच्या मर्जीवर राहिला नाही, तो खरेदीच्या खात्यात आला. आणि खात्यात आला म्हणजे त्याच्या दरावरही हरकत घेता येऊ लागली. वाऱ्याच्या कैवाऱ्यांनी ग्राहकाच्या खिशाचा विचार करायला शिकावे, ही त्या सुनावण्यांची शिस्त होती.

बचतीचे दिवस आले ते भारनियमनाने. त्या काळात मंडळाच्या जागी आलेल्या महावितरणने नाशिकमध्ये सीएफएल दिवे वाटायचा प्रयोग केला. २०१० मध्ये आयोगाने मागणी व्यवस्थापनाचे विनियम काढले, म्हणजे बचतीवरचा खर्चही वीजखरेदीसारखा रीतसर खर्च ठरला. प्रयासची मंडळी तेव्हा पंख्यांच्या मागे लागली होती. साधा पंखा ७०-७५ वॉट खातो, बीएलडीसी मोटरचा ३०-३५; घराघरांत बदलला तर एक आख्खे केंद्र बांधायचे वाचेल. गिरीश संत फेब्रुवारी २०१२ मध्ये अकाली गेले. त्यांच्या संस्थेने कामाची रीत बदलली नाही.

२०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीचा अख्खा फीडर, म्हणजे वीजवाहिनी, त्यावर चालवायचा. सुरुवात राळेगणसिद्धी आणि यवतमाळच्या कोळंबीपासून. रात्री दीडला पाणी धरायला जाणाऱ्याला दिवसा वीज मिळते. हिशेबनिसाला त्याहून वेगळाच आनंद. ज्या पंपांच्या नावावर वाटेल ते खपवले, त्यांच्या फीडरला किती वीज गेली, ते आता तिथल्या तिथे मोजता येते.

मात्र एक काळजी आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली. शेतकऱ्याचा भार हलका झाला, ते योग्यच. पण ज्याचे बिल शून्य, तो हरकत कशाला नोंदवेल? त्या विजेचे पैसे कोणी तरी भरतेच: सरकारी तिजोरी, कारखानदार, आमचे मागवाले. बिना मीटरचे पंप अजून आहेत, म्हणजे सस्पेन्स खाते अजून उघडे आहे. म्हणून पंपवाल्यांना माझे सांगणे आहे, की बिल शून्य असले तरी मीटर मागून घ्या आणि सुनावणीला या. तुमच्या नावावर किती युनिट लिहिली जातात, ते तुम्हीच तपासलेत तर पुढच्या वेळी गळती तुमच्या उताऱ्यावर चढणार नाही.