परदेशस्थ मुलांचे योरुबा भाषाशिक्षण

योरुबा ही नैर्ऋत्य नायजेरिया तसेच बेनिन व टोगो या देशांत बोलली जाणारी, नायजर-काँगो भाषाकुळातील भाषा आहे. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आदी देशांत स्थायिक झालेल्या योरुबा कुटुंबांतील मुलांना ती घरी, सुटीच्या दिवशी भरणाऱ्या वर्गांत आणि आंतरजालाच्या साहाय्याने शिकवली जाते. यांपैकी पुष्कळ मुलांना घरातील योरुबा बोलणे समजते, परंतु ती उत्तर इंग्रजीत देतात. त्यामुळे समजणारी भाषा बोलती करणे, हा या शिक्षणाचा एक प्रमुख हेतू असतो.

पार्श्वभूमी

नायजेरिया १९६० साली स्वतंत्र झाल्यावरही इंग्रजी हीच राजभाषा राहिली. उच्च शिक्षण व नोकरी इंग्रजीवर अवलंबून होती आणि अनेक शाळांत स्थानिक भाषेत बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. या अनुभवातून गेलेल्या अनेक पालकांनी परदेशात मुलांशी इंग्रजीतच बोलणे पसंत केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये शिकण्यासाठी आलेल्या अनेक नायजेरियन दांपत्यांनी आपली मुले संगोपनासाठी गोऱ्या कुटुंबांकडे ठेवली. अशा मुलांच्या कानांवर मातृभाषा पडण्याची संधीच फारशी उरली नाही. अभिनेते आदेवाले अकिनुए-आग्बाजे यांचा ‘फार्मिंग’ (२०१८) हा चित्रपट त्यांच्या अशाच बालपणावर आधारित आहे.

मातृभाषेमुळे इंग्रजी कच्चे राहते, या समजाला इफे विद्यापीठाच्या प्रकल्पाने छेद दिला. शिक्षणतज्ज्ञ बाबातुंडे फाफुन्वा यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात प्राथमिक शाळेची सहाही वर्षे योरुबा माध्यमातून शिकवण्यात आली व इंग्रजी हा स्वतंत्र विषय ठेवण्यात आला. या वर्गांतील मुले इंग्रजीतही मागे पडली नाहीत. मात्र हा प्रयोग योरुबाभाषक प्रदेशातील होता. परदेशात मुलाच्या सभोवती ती भाषा नसते, हा फरक महत्त्वाचा आहे.

भाषिक अडचणी

योरुबात उच्च, मध्यम व नीच असे तीन सूर असून सुरानुसार शब्दाचा अर्थ बदलतो. उदाहरणार्थ, ‘ऑकॉ’ या शब्दातील पहिला सूर मध्यम असताना दुसराही मध्यम ठेवल्यास ‘पती’, उच्च केल्यास ‘कुदळ’ आणि नीच केल्यास ‘वाहन’ असा अर्थ होतो. लेखनात उच्च व नीच सुरांसाठी अक्षरांवर तिरप्या रेघा देतात, परंतु दैनंदिन लेखनात त्या बहुधा गाळल्या जातात. लहानपणापासून भाषा ऐकलेला वाचक संदर्भावरून सूर ओळखतो; केवळ वाचून शिकणाऱ्या मुलाला ते अवघड जाते.

दुसरी अडचण आदरार्थी रूपांची आहे. मराठीतील ‘तू’ व ‘तुम्ही’ यांप्रमाणे योरुबातही वडीलधाऱ्यांसाठी बहुवचनी सर्वनाम वापरतात. इंग्रजीत हा भेद नाही. अभिवादनाचे शब्दही वेळ व प्रसंगानुसार बदलतात. परंपरेनुसार अभिवादन करताना मुलगे साष्टांग नमस्कार घालतात, तर मुली गुडघे टेकतात. सर्वनाम चुकल्यास बोलणे उद्धट वाटू शकते. नातेवाईक हसतील या भीतीने काही मुले बोलणेच टाळतात.

अध्यापनपद्धती व साधने

सूर शिकवताना पाश्चात्त्य संगीतातील ‘दो, रे, मी’ या स्वरांचा आधार घेतात. ते अनुक्रमे नीच, मध्यम व उच्च सूर दर्शवतात. अर्थपूर्ण व्यक्तिनामे हेही उपयुक्त साधन आहे. ‘बाबातुंडे’ म्हणजे ‘वडील परत आले’. जुळ्यांतील प्रथम जन्मलेल्याला ‘ताइवो’ व नंतरच्याला ‘केहिंदे’ म्हणतात. ‘ओरिकी’ ही स्तुतिपर रचना आणि इजापा या धूर्त कासवाच्या लोककथाही मुलांना ऐकवल्या जातात. कथारंभी निवेदकाच्या हाकेला श्रोते ठरावीक प्रतिसाद देत असल्याने लाजऱ्या मुलालाही सर्वांबरोबर बोलता येते.

वाचनासाठी जे. एफ. ओदुन्जो यांची ‘आलावीये’ ही क्रमिक पुस्तकमाला प्रसिद्ध आहे. बीबीसीने २०१८ मध्ये योरुबा सेवा सुरू केली.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जोशुआ फिशमन यांच्या मते भाषा टिकण्यासाठी ती घरात एका पिढीकडून दुसरीकडे जाणे निर्णायक ठरते. त्यामुळे आठवड्यातून एकदा भरणारा वर्ग घरातील संभाषणाला पूरक ठरतो, परंतु त्याची जागा घेऊ शकत नाही.