तंबूतले भय

मंडळी, मंचरला बसून आपण विलायती सर्कशीचे भयपट कशाला आठवायचे? १९६७ चा ‘बर्झर्क’ घ्या. जोन क्रॉफर्ड सर्कशीची मालकीण. दोरावर चालणारा कलावंत खेळातच मरतो आणि गर्दी वाढते. १९६० च्या ‘सर्कस ऑफ हॉरर्स’मध्ये खूनही अपघात म्हणून खपून जातात. म्हणजे खरे भय रिंगणात नाही, बाकांवर आहे. तिथे आपणच बसलोय.

आपल्या शेजारच्या नारायणगावच्या विठाबाई तमाशा चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, असं सांगतात. आपण ते कौतुकानं सांगतो. त्यांना राष्ट्रपतिपदक मिळालं. अखेरचे दिवस मात्र हलाखीत गेले. परत उभं राहणं त्यांना भाग का पडलं, हे आपण कधी विचारलं?