पाव, पॅनिअर आणि बाबांचं कॅरिअर

गेल्या पावसाळ्यात कांजूरच्या गांधीनगर सिग्नलजवळ मी सायकलवरून पडलो. तसं फार काही झालं नाही. कोपर सोललं, पँट फाटली, मागच्या रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून हा लेख लिहायला शिल्लक आहे :) पण पडलो कसा, हे दोन दिवस डोक्यातून जाईना. वेग जास्त नव्हता. पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही, चाक आपटलं, इथवर ठीक. पुढचा घोळ पाठीवरच्या सॅकने केला. लॅपटॉप, चार्जर, डबा, ऑफिसचे कपडे, लोखंडी कुलूप मिळून सात किलो. ते डावीकडे सरकलं आणि त्याच्या मागोमाग मी.

मुलुंड ते पवई हे माझं रोजचं दहा किलोमीटर. घरी आल्यावर आईने हळद वगैरे लावली, ओरडून घेतलं. बाबा पेपर बाजूला ठेवून एवढंच म्हणाले, "अरे, ओझं सायकलला द्यायचं असतं. आपल्या अंगावर कशाला घ्यायचं?"

त्या वाक्यात एक जुना हिशोब होता. तो शेवटी सांगतो. आधी इतिहास, कारण पॅनिअर घ्यायचं ठरवून मी जे शोधायला बसलो, त्यात दोन वीकेंड कुठे गेले कळलं नाही.

पॅनिअर म्हणजे सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी टांगायच्या पिशव्या. शब्द फ्रेंच, 'पानिए', म्हणजे टोपली. तो आला लॅटिन 'पानारियुम'वरून, म्हणजे पावाची टोपली. मूळ शब्द 'पानिस', पाव. आणि आपला 'पाव' कुठून आला? पोर्तुगीज 'पाँव'वरून, आणि तोही त्याच 'पानिस'चा नातू! म्हणजे सकाळी सहाला भोंगा वाजवत, सायकलला पावाची पिशवी लटकवून आमच्या सोसायटीत येणारा पाववाला हा जगातला सगळ्यात अस्सल पॅनिअरवाला आहे. त्याला हे कोणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तर तो "कितने पाव?" एवढंच विचारेल.

खास सायकलसाठीच्या पॅनिअरचं पेटंट १८८४चं, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डेनच्या जॉन बी. वूड यांचं. गंमत बघा, दोन सारख्या चाकांची, चेनवर चालणारी 'रोव्हर' सायकल जॉन केम्प स्टार्लीने १८८५ मध्ये आणली. म्हणजे आज आपण जिला सायकल म्हणतो ती रुळायच्या आधीच लोकांना प्रश्न पडला होता, सामान कुठे ठेवायचं?

आता मुंबईकडे येऊ. १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचवण्याचं काम सुरू केलं, हे बहुतेकांना माहीत असतं. १९९८च्या फोर्ब्स ग्लोबलमधला लेख, २००३ मध्ये चर्चगेटला प्रिन्स चार्ल्सची भेट, २०१० ची हार्वर्डची केस स्टडी, हेही फॉरवर्ड होऊन होऊन झिजलंय. (आणि ते 'फोर्ब्सने सिक्स सिग्मा सर्टिफिकेट दिलं' वगैरे खरं नाही. फोर्ब्स हे मासिक आहे, ते सर्टिफिकेटं वाटत नाही.) आपण आयटीवाले त्यांच्या कोडिंगचं, सॉर्टिंगचं कौतुक करतो, कारण ते आपल्याला आपलं वाटतं. त्यांच्या सायकलीकडे कोणी बघत नाही.

मी अंधेरी स्टेशनबाहेर उभा राहून बघितलं. डबे कॅरिअरच्या वर कमी आणि बाजूंना जास्त. हँडलला दोन्हीकडे, कॅरिअरला दोन्हीकडे, आकड्यांनी लटकवलेले. एका बाजूला चार तर दुसऱ्या बाजूलाही साधारण तेवढेच. वजन चाकाच्या आसाजवळ खाली उतरलेलं, त्यामुळे सायकल गर्दीत हळू चालवली तरी लडबडत नाही. माणसाची पाठ मोकळी. पुढे स्टेशनवर डबे लांब लाकडी पाटीत रचतात, ती डोक्यावर घेऊन लोकलच्या लगेजच्या डब्यात. सायकल फक्त घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस. २०२० पूर्वी रोज दोनेक लाख डबे असे फिरायचे. त्या वर्षी मार्चमध्ये लोकल थांबल्या, डबे थांबले, मग आपण सगळे घरून काम करायला लागलो आणि तो आकडा पूर्वीचा राहिला नाही. यात आपलाही हात आहे, हे सिक्स सिग्माच्या फॉरवर्डमध्ये नसतं.

ही सायकल एवढं ओझं पेलते कशी? काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, मूळ इंग्लिश रोडस्टर. मुंबईत वरळीला बिर्लांची हिंद सायकल्स १९३९ पासून होती. पुढे १९८० मध्ये संसदेने कायदा करून ती सेन-रॅलेसोबत सरकारजमा केली. १९४९ मध्ये मद्रासला टीआय, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास, १९५६ मध्ये लुधियानाला हिरो. सगळ्यांचा नमुना साधारण तोच. लांब फ्रेम, मागचं चाक सीटपासून बरंच मागे, आसाच्या नटातच आवळलेलं जाड सळईचं कॅरिअर, आणि ओझं लादताना सायकल उभी राहावी म्हणून भक्कम स्टँड. मागचं चाक मागे असल्यामुळे पिशवी लटकवली तरी पायडल मारताना टाच तिला लागत नाही. यातलं काहीही 'फीचर' म्हणून जाहिरातीत नव्हतं. ओझं नेणं हेच सायकलचं काम होतं.

मुंबईने लांबच्या सफरीसुद्धा केल्या. १५ ऑक्टोबर १९२३ ला सहा तरुण पारशी मुंबईहून सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे ७१,००० किलोमीटर फिरून १८ मार्च १९२८ ला परत आले. वाटेत इराण, इराकचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. ते परत आले तेव्हा इंग्लंडमधली कॅरॅडिस ही कंपनी, जिच्या कॅनव्हासच्या बॅगांवर टूरिंगवाले आजही जीव टाकतात, सुरू व्हायची होती. ती १९३२ ची. आणि मी पवईला जायला सात हजारांची वॉटरप्रूफ बॅग बघतोय. असो.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते सायकल कामाची न राहता व्यायामाची झाली तिथे. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात डोंगर उतरायला म्हणून माउंटन बाइक जन्मली. तिला कॅरिअर कशाला हवं? आपल्याकडे २००० नंतर गिअरच्या सायकली आल्या त्या याच घराण्यातल्या. फ्रेम आखूड, मागे डिस्क ब्रेक, बऱ्याच मॉडेल्सना कॅरिअरचे स्क्रू लावायला भोकंसुद्धा नाहीत. त्या घेतल्या कोणी? आमच्यासारख्यांनी, ज्यांच्या घरात एक पिढी आधी काळी सायकल होती आणि ती आता नको होती. कॅरिअर म्हणजे दूधवाला, पाववाला, गॅसचा सिलिंडर. आपण ते काढलं आणि ओझं पाठीवर घेतलं.

पावसावरचा उपाय मात्र मला फार आवडला. १९८१ मध्ये हार्टमुट ऑर्टलीब हा जर्मन तरुण इंग्लंडमध्ये सायकलवर फिरताना भिजून चिंब झाला. शेजारून जाणाऱ्या ट्रकची ताडपत्री बघून त्याला वाटलं, आतला माल कोरडा आहे, मग माझी बॅग याच कापडाची का नसावी? घरी जाऊन त्याने ती शिवली आणि १९८२ मध्ये कंपनी काढली. आज ती जगभर जाते. आमचा पाववाला जूनमध्ये पावावर प्लास्टिक टाकून दोरी आवळतो, अक्कल तीच. फरक पेटंटचा आणि किमतीचा :)

आता तुमच्यापैकी कोणी घेणार असेल तर माझा निष्कर्ष. रोजच्या ऑफिसला एकच बाजूची पिशवी चालते, पण लॅपटॉप आतल्या पट्ट्यात आणि तळापासून वर उचललेला हवा, नाहीतर प्रत्येक खड्डा थेट हार्ड डिस्कला. बॅगेला खाली एक हूक हवाच, नाहीतर ती झोके घेते आणि स्पोकमध्ये जाते. विकत घ्यायच्या आधी सायकलवर बसून पायडल मारून टाच लागते का बघा. अलिबाग-मुरूड करून आगरदांड्याहून दिघीला जंगलजेट्टीने पलीकडे जायचं असेल तर दोन्ही बाजूंना सारखं वजन, जड वस्तू तळाशी, आणि पावसाळी कपडे सगळ्यात वर. आणि सॅक? सॅक ट्रेकला.

आता तो हिशोब.

बाबा एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात होते, त्याला ते अजून आग्रा रोडच म्हणतात. बावीस वर्षं काळ्या अ‍ॅटलासवर. मागे कॅरिअरच्या चापात डबा, शनिवारी तिथेच आठवड्याची भाजी, आणि मी लहान असताना मी. नववीत असताना मला ती सायकल 'रेसर'सारखी दिसायला हवी होती. एका रविवारी बाबा झोपलेले असताना पाना घेऊन मी कॅरिअर काढलं. सोमवारी सकाळी त्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत. डबा पिशवीत घालून हँडलला लटकवला आणि गेले. पुढे दीड वर्षाने कारखाना बंद झाला. तोवर रोज तसेच गेले. हँडलला एका बाजूला वजन लटकवून सायकल चालवणं काय असतं, हे मला गांधीनगरला रस्त्यावर बसल्यावर कळलं.

पडल्याच्या आठवड्यात मी माळ्यावर चढलो. कॅरिअर तिथेच होतं, वर्तमानपत्रात गुंडाळून, चारही नट-बोल्ट सुतळीने बांधून ठेवलेले. ते माझ्या सायकलला बसत नाही. डिस्क ब्रेक आडवा येतो, आम्ही दोघांनी तासभर खटपट करून बघितली. शेवटी नाक्यावरच्या सायकलवाल्याकडून पट्टीचे क्लॅम्प लावून नवीन कॅरिअर बसवलं. बाबांनी हाताने दाबून, हलवून बघितलं, मग त्यावर सगळं वजन टाकलं.

"आता बरोबर," म्हणाले.

मी सॉरी म्हणणार होतो. राहून गेलं. इथे लिहितोय, कारण ते हे वाचतात.