परभाषेचा पहिला धडा आणि मागे राहणारी मुले

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरची लागोपाठची तीन स्थानके. परंतु शाळेत येणाऱ्या मुलांच्या घरच्या भाषा पाहिल्या, तर एवढ्याशा टापूत केवढी विविधता आहे! उल्हासनगरात सिंधी, अंबरनाथच्या कारखान्यांभोवतीच्या वस्त्यांत निरनिराळ्या प्रांतांच्या बोली, बदलापूरच्या बाजूला आगरी वळणाची मराठी, आणि तिन्ही गावांच्या मोहल्ल्यांत उर्दू. या बहुतेक सर्व मुलांना एक भाषा सारखीच परकी असते, ती म्हणजे इंग्रजी. ज्या मुलाला ऐकू कमी येते, दिसत नाही, किंवा बुद्धी चांगली असूनही अक्षरे जुळवता येत नाहीत, त्याच्यासाठी या परभाषेची पहिली पायरी कोणी आणि कशी आखली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारणच नव्हते. इंग्रजी हुशार मुलांनी शिकावयाची, ही सर्वमान्य समजूत होती. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली, तेव्हा समाजापुढचा प्रश्न मुसलमान मुलांनी इंग्रजी शिकावे की नाही, एवढाच होता. ज्या मुलाला ते जमत नाही त्याचे काय, हा प्रश्न फार पुढचा. मराठी घरांत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली. तिने अनेक पिढ्यांना इंग्रजी शिकविले हे खरे, पण नियम पाठ करणे आणि वाक्यामागून वाक्याचे भाषांतर करणे हा त्या शिक्षणाचा पाया. ज्याला पाठांतर जमत नसे, तो पहिल्या भागातच गळून पडे, आणि त्याचा दोष त्याच्या नशिबावर टाकला जाई.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात निराळा वारा आला. 'रेन अँड मार्टिन'च्या व्याकरणामुळे ज्यांचे नाव घराघरांत पोहोचले ते पी. सी. रेन शिक्षण खात्यात होते आणि कराचीच्या हायस्कुलाचे हेडमास्तर होते. भाषांतर बाजूला ठेवून वस्तू दाखवीत, कृती करीत थेट इंग्रजीतूनच शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे त्याच नावाच्या व्याकरणाने लाखो मुलांना नियमांच्या घाण्याला जुंपावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. असो.

मागे राहणाऱ्या मुलाचा खरा हिशेब मांडला तो ढाक्याच्या मायकेल वेस्ट यांनी. ते तेथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात प्राचार्य होते. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या 'बायलिंग्वलिझम' या ग्रंथात त्यांनी विम्याच्या धंद्यातील एक शब्द शिक्षणात आणला : 'सरेंडर व्हॅल्यू'. आयुर्विम्याची पॉलिसी मुदतीपूर्वी मोडली तर जी रक्कम हाती येते ती सरेंडर व्हॅल्यू, हे वाचकांना ठाऊकच आहे. वेस्ट यांचे म्हणणे असे की, बंगालमधील बहुसंख्य मुले शाळा अर्ध्यावर सोडतात. अभ्यासक्रम असा असावा की पहिल्या वर्षी सोडणाऱ्याच्याही पदरात पहिल्या वर्षापुरते काही उपयोगी पडावे. आपल्याकडे मात्र पहिली दोन वर्षे पुढच्या आठ वर्षांची तयारी म्हणून खर्ची पडत, आणि मध्येच गळणाऱ्याच्या हाती शून्य राही.

वेस्ट यांनी त्यावर वाचनाचा मार्ग सुचविला, मोजक्या आणि वारंवार येणाऱ्या शब्दांत गोष्टी लिहिल्या, आणि १९५३ साली सुमारे दोन हजार शब्दांची प्रसिद्ध यादी दिली. वाचन सोपे, बोलणे अवघड, हे त्यांचे गृहीत. आमच्या मते येथेच त्यांच्या योजनेची मर्यादा आहे. ज्या मुलाची अडचण मुळात वाचनातच आहे, त्याची सरेंडर व्हॅल्यू कानावाटेच मिळणार. तरीही त्यांनी विचारलेला प्रश्न (आज हे मूल शाळेतून गेले, तर त्याच्या हाती काय राहील?) तिन्ही गावांच्या शाळांनी आजही स्वतःला विचारावा असाच आहे.

वेस्ट यांचा हा विचार आपल्या सरकारी धोरणात मात्र उतरला नाही. १९४८ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारने पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढून टाकले आणि ते आठवीपासून ठेवले. मातृभाषेला मान मिळावा हा हेतू स्तुत्य होता. पण नेमक्या त्याच काळात फाळणीमुळे सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे कल्याण कॅम्पच्या बराकींत राहत होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून त्या कॅम्पचे उल्हासनगर झाले. तेथील मुलाची पाटी डोळ्यांपुढे आणा. घरची सिंधी अरबी वळणाच्या बावन्न अक्षरांत, उजवीकडून डावीकडे. शेजारच्या गावाची मराठी देवनागरीत, डावीकडून उजवीकडे. १९५० साली केंद्र सरकारने सिंधीसाठी देवनागरी ठरविली, आणि विरोध झाल्यावर पुढच्याच वर्षी दोन्ही लिप्या मान्य केल्या. मोठ्यांचा हा वाद चालू असता तेराव्या वर्षी त्याच मुलापुढे तिसरी लिपी आली, एबीसीडी.

लिपीचा मुद्दा जरा विस्ताराने मांडण्याजोगा आहे, कारण उर्दू माध्यमाच्या मुलाला आजही याच वाटेने जावे लागते. उर्दूतील बे, पे, ते, टे, से ही अक्षरे एकाच होडीसारख्या आकाराची. फरक नुक्त्यांचा किंवा वरच्या छोट्या खुणेचा. शिवाय शब्दाच्या आरंभी, मध्ये व शेवटी अक्षर रूप बदलते, आणि कायदा संपला की जेर-जबर-पेश लिहिणे बहुधा बंदच होते. देवनागरीत घ-ध, भ-म यांचा घोटाळा. इंग्रजीत बी, डी, पी, क्यू ही छोट्या लिपीतली चार अक्षरे म्हणजे एकच आकृती चार बाजूंनी फिरवलेली. आणि 'बट'मधला यू 'पुट'मध्ये निराळा. सर्वसाधारण मूल दोन-तीन वर्षांत हे पचविते. ज्याच्या मेंदूला अक्षर व ध्वनी यांची सांगड घालणे जड जाते, त्याच्यावर मात्र तिहेरी ओझे पडते, आणि वर्गात त्याला 'ढ' हे नाव मिळते.

याच्या उलट चित्र अंध मुलाचे आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी अंधांसाठी सुरू केलेली शाळा पुढे दादरला नांदली, आणि १९०२ साली ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली. त्या काळी देशात ब्रेलच्या अनेक पद्धती होत्या. १९५१ साली भारती ब्रेल मान्य झाली आणि देशी भाषांची अक्षरे इंग्रजी ब्रेलशी शक्य तेथे जुळवून घेण्यात आली. मराठीचा क, उर्दूचा काफ आणि इंग्रजीचा के यांचे ठिपके तेच : पहिला व तिसरा. ब, म, न, ल यांचेही तसेच. इतकेच नव्हे, तर ब्रेलमध्ये उर्दूदेखील डावीकडून उजवीकडे वाचतात. डोळस मुलाला जेथे तीन लिप्या, तेथे अंध मुलाच्या बोटांना जवळजवळ एकच. सहा ठिपक्यांच्या बाबतीत तज्ज्ञांनी एकत्र बसून शिकणाऱ्याची सोय आधी पाहिली, म्हणूनच हे घडले. परभाषेच्या प्रवेशाचे याहून चांगले नियोजन आपल्या देशात आमच्या पाहण्यात नाही.

इतरांच्या वाट्याला मात्र सोयीऐवजी सूट आली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या तिसाव्या कलमात कर्णबधिर विद्यार्थ्याला एकच भाषा घेता यावी अशी तरतूद होती. १९९६ पासून महाराष्ट्र सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, आणि एक भाषा सोडून कार्यानुभवाचा विषय घेण्याची मुभा दिली. त्यासाठीच्या दाखल्याकरिता बदलापूर-अंबरनाथचे पालक मुलाला घेऊन शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयापर्यंत लोकलने जात आले आहेत. २०१६ च्या नव्या कायद्याच्या सतराव्या कलमातही दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट हेच शब्द आहेत.

या सवलतींनी किती मुलांचे शालान्त प्रमाणपत्र वाचले असेल! त्यांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु सूट परीक्षेपुरती असते. ज्याने इंग्रजी सोडले, तो अंबरनाथच्या एखाद्या कारखान्यात कामाला लागला की यंत्रावरचे 'डेंजर', डब्यावरचे 'पॉयझन', बँकेचा अर्ज आणि औषधाची चिठ्ठी त्याच्यासमोर इंग्रजीतच येतात. २००० सालच्या जूनपासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, सर्व माध्यमांत पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हा वादंग पुष्कळ झाले. २०२५ साली पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे आदेश एप्रिल व जूनमध्ये निघाले आणि २९ जून रोजी रद्द झाले, तेव्हाही सभा, मोर्चे, लेख यांचा पाऊस पडला. दोन्ही वेळी मराठीच्या स्थानावर भरपूर बोलले गेले. ज्याला पहिलीच लिपी सुधरत नाही त्या मुलाचा मुद्दा मात्र कडेलाच राहिला.

असा अभ्यासक्रम आखावयाचा तर फार मोठे संशोधन हवे आहे असे नाही. रेन यांच्याकडून वस्तू आणि कृती घ्याव्यात. वेस्ट यांच्याकडून मोजका शब्दसंग्रह व प्रत्येक सत्राअखेरचा हिशेब घ्यावा. पहिले सहा महिने पुस्तक बंदच ठेवून 'ओपन द डोअर', 'गिव्ह मी द बुक' यांवर मुलाने हालचाल करून दाखविली तरी पुरे. कर्णबधिर मुलासाठी हेच शब्द चित्र आणि पाटीने सुरू व्हावेत, कारण त्याला कानाचा मार्ग बंद आहे. छोट्या लिपीतली बी व डी ही अक्षरे एका आठवड्यात कधीही आणू नयेत; एक पक्के झाल्यावर महिन्याने दुसरे. उर्दू माध्यमाच्या वर्गात पानाच्या डाव्या कडेला रंगीत रेघ मारून 'येथून सुरुवात' हे रोज दाखवावे. आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी परीक्षा घ्यावयाचीच असेल तर ती स्वतःचे नाव, पत्ता, रेल्वेच्या इंडिकेटरवरची कर्जत, खोपोली, बदलापूर, अंबरनाथ ही नावे, आणि धोक्याच्या चार-पाच पाट्या यांचीच असावी.