एक पत्ता, अनेक नावे

माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यातल्या एका वाड्यात सात कुटुंबे राहत. घर क्रमांक एकच. पोस्टमन पाकिटावरचे नाव वाचून पत्र त्या त्या दारात टाकायचा. इंटरनेटच्या इतिहासातला एक पेच मला त्या वाड्यामुळेच समजला.

वेबसाइट ज्या सर्व्हरवर असते, त्याला आकड्यांचा पत्ता असतो. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत असे पत्ते सुमारे ४३० कोटीच. त्यामुळे एका पत्त्यावर अनेक साइट राहू लागल्या. १९९७ मध्ये आलेल्या एचटीटीपी १.१ ने हव्या त्या साइटचे नाव विनंतीत लिहिणे ब्राउझरला बंधनकारक केले.

कुलूपबंद जोडणीत मात्र पंचाईत होती. तिथे आधी हँडशेक, म्हणजे आपल्या भाषेत मुसाफा होतो. त्यात सर्व्हर साइटचे प्रमाणपत्र दाखवतो आणि मगच गुप्त बोलणे सुरू होते. साइटचे नाव त्या गुप्त बोलण्यात. म्हणजे नाव बंद पाकिटाच्या आत! मग सात घरांपैकी कोणाचे प्रमाणपत्र दाखवायचे? म्हणून कुलूप हवे असेल तर स्वतंत्र पत्ता घ्या, असा रिवाज पडला. विद्यार्थ्यांसाठी मी उर्दू-मराठी शब्दांची छोटी साइट चालवायचो. त्या पत्त्याचे वार्षिक भाडे ऐकून गप्प बसलो. मुले आपले पासवर्ड उघड्यावरच पाठवत राहिली.

तोडगा २००३ मध्येच कागदावर आला होता: 'सर्व्हर नेम इंडिकेशन'. मुसाफा करतानाच ब्राउझरने नाव सांगायचे. अपाचे सर्व्हरमध्ये ही सोय २००९ मध्ये आली. विंडोज एक्सपीवरचा इंटरनेट एक्सप्लोरर मात्र शेवटपर्यंत हे शिकला नाही, आणि एक्सपी वापरणारे वाचक गमावण्याची साइटवाल्यांना भीती होती. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार थांबवला. २०१५ च्या अखेरीस लेट्स एनक्रिप्टने प्रमाणपत्रे सर्वांना मोफत खुली केली. त्यानंतर माझ्या साइटलाही कुलूप लागले.

पण या सोयीची किंमत आहे. नाव आता पाकिटाच्या बाहेर आहे. वाटेतला कोणी पत्र वाचू शकत नाही, पण ते कोणाच्या दारी चालले आहे हे पाहू शकतो. आजाराची किंवा कायद्याची माहिती गुपचूप शोधणाऱ्यासाठी तेवढेही पुष्कळ असते. हे नावही झाकणारी 'एनक्रिप्टेड क्लायंट हॅलो' ही पद्धत आता येत आहे, पण ती अजून सगळीकडे पोहोचलेली नाही. तोवर मी वर्गात मुलांना एवढेच सांगतो: कुलूप दिसले म्हणजे सगळे झाकले गेले, असे समजू नका.