एकट्याने चालविलेले मासिक

चाळीसगावजवळच्या पाटणे गावी इ.स. १२०७ चा एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे 'सिद्धान्तशिरोमणी' आदी ग्रंथ शिकविण्यासाठी येथे मठ काढला, अशी त्यात नोंद आहे. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. पाटण्याच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा कर मठाला दिला, असे तो सांगतो. गणिताच्या अध्यापनाचा खर्च बाजारातून निघे, हे वाचून आम्हांस मोठी मौज वाटते. पण त्यासाठी राजाची मर्जी लागे.

छापखाना आल्यावर विद्वानास राजाऐवजी वर्गणीदार मिळू लागले. लंडनमध्ये सॅम्युएल जॉन्सनने १७५० ते १७५२ या काळात 'रॅम्बलर' हे पत्र आठवड्यातून दोनदा काढले. त्याचे २०८ अंक निघाले आणि थोडे वगळता सारे त्याने एकट्यानेच लिहिले.

या जॉन्सनचा आपल्याकडील मोठा चाहता म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकर. जॉन्सनच्या 'रासेलस'चे वडिलांनी सुरू केलेले भाषांतर त्यांनी पुरे केले. त्या काळी इंग्रजी शिकलेली मंडळी शेक्सपिअर मराठीत आणीत होती. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे 'ऑथेल्लो' १८६७ चे, तर आगरकरांचे 'हॅम्लेट'वरून केलेले 'विकारविलसित' १८८३ चे. विष्णुशास्त्र्यांनी मात्र निराळा मार्ग धरला. सरकारी शाळेत शिक्षक असतानाच १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले. त्याचे ८४ अंक निघाले आणि जवळजवळ सर्व मजकूर त्यांचाच होता. वाचन, लेखनशुद्धी, इंग्रजी भाषा, जॉन्सनचे चरित्र असे विषय त्यात आले. विज्ञानाच्या शिक्षकाने वाचावा असा 'लोकभ्रम' हा निबंधही त्यातलाच.

लिहिणारा तोच आणि निवडणाराही तोच, अशा मासिकात लेखणीला धार येते. पण तिला आवरणारे कोणी नसते. जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेताना विष्णुशास्त्र्यांनी मुद्द्यांपेक्षा भाषेच्या व व्याकरणाच्या चुकांचीच टिंगल अधिक केली. शिक्षण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाकारले गेले, त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्याच्या शुद्धलेखनावर बोट ठेवणे आम्हांस अन्यायाचे वाटते. दुसरा कोणी संपादक असता तर त्याने ती पाने परत पाठविली असती का? त्या काळच्या पुण्यात कदाचित नाही.

सरकारी नोकरी सांभाळून असे लिहिणे सोपे नव्हते. त्यांची बदली रत्नागिरीस झाली आणि १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. मालेतील शेवटच्या 'आमच्या देशाची स्थिती' या निबंधावर इंग्रज सरकारने पुढे बंदी घातली. ती उठली १९३७ मध्ये. विष्णुशास्त्री १८८२ मध्येच, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले होते.